सहा महिन्यांच्या पोरीची नजर

मी आणि माझी बहीण जुळ्या. ती माझ्याहून पाऊण तासानं मोठी. साताऱ्यात आमच्या पेठेत आम्हाला वेगवेगळं ओळखणारं माणूस नव्हतं म्हटलं तरी चालेल. आई होती तोवर ती ओळखायची, पण पाठमोऱ्या असलो की तीही चुकायची. आमच्या बाराव्या वर्षी आई गेली. त्यानंतर आप्पांनी एक सोपी पद्धत पाडली. हाक मारायची तर नुसतं 'पोरी' म्हणायचं, आणि जी येईल तिला काम सांगायचं. आमचा आवाजही एकच होता. बहिणीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी पोह्यांचं ताट घेऊन मीच बाहेर गेले होते, अशी थट्टा घरात पुढं खूप वर्षं चालली. ते खरं नव्हतं, पण खोटं ठरवायला कुणाकडं पुरावाही नव्हता.

सतराव्या वर्षी बहिणीचं लग्न होऊन ती सांगलीला गेली. दाजी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. घरात ते आणि त्यांची आई, एवढीच माणसं. सासूबाई मूळच्या आष्ट्याकडच्या. बोलणं रांगडं, पण बहिणीवर त्यांचा जीव होता. ती त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. माझं लग्न मात्र लांबलं, कारण मला शिक्षिका व्हायचं होतं आणि आप्पांनी मनावर घेऊन मला ट्रेनिंगला घातलं होतं.

बहिणीला मुलगी झाली. माहेरी बाळंतपण करायला आई नव्हती, म्हणून ते सांगलीतच झालं. बारशाला मी दोन दिवस जाऊन आले. त्या गर्दीत पोर माझ्या मांडीवर फार तर दोनदा आली असेल. त्यानंतर मी तिला पाहिलं ते थेट सहा महिन्यांनी. लढाई चालू होती, साखर आणि रॉकेल रेशनवर मिळायचं. दिवाळी नुकतीच झाली होती, आणि दाजींची तार आली की बहीण आजारी आहे, मला ताबडतोब पाठवा.

आप्पांनी सातारा रोड स्टेशनवर मला गाडीत बसवून दिलं. मिरजेला गाडी बदलून मी सांगलीला उतरले तेव्हा दाजी टांगा घेऊन उभे होते. वाटेत त्यांनी सांगितलं की मुदतीचा ताप आहे, डॉक्टरांच्या भाषेत टायफॉइड. दहा दिवस झाले होते. त्या काळी या तापावर औषध असं नव्हतंच. तो आपल्या मुदतीनं उतरेल तेव्हा उतरेल आणि तोवर माणूस टिकलं तर टिकलं. डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं होतं, आणि पोरीला त्या खोलीत नेऊ नका म्हणून बजावलं होतं. पोर चोचीच्या बोंडल्यानं शेळीचं दूध दोन घोट घ्यायची आणि थुंकून टाकायची. दिवसभर येईल त्या बाईच्या तोंडाकडं बघायची आणि रडायची.

आत्यांनी तोवर एक बेत करून ठेवला होता. मी हातपाय धुऊन आत आले तशी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि बहिणीचं हिरवं इरकली लुगडं पुढं ठेवलं. ताप यायच्या आधी तिनं ते नेसलं होतं आणि तेव्हापासून ते दोरीवर तसंच होतं. मी ते नेसायचं, तिच्यासारखा अंबाडा घालायचा, तिच्यासारखं मोठं कुंकू लावायचं, आणि पोरीला उचलायचं.

"एवढ्याशा लेकराला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "तोंड त्येच, आवाज त्योच. आपली आय आली असंच वाटंल तिला."

मंगळसूत्राचं मात्र काय करावं ते त्यांना सुचेना. तापात पडलेल्या सुनेच्या गळ्यातलं काढायचा प्रश्नच नव्हता, आणि बिनलग्नाच्या पोरीच्या गळ्यात ते घालायचं कसं? शेवटी ते राहू दिलं.

मी लुगडं नेसून बाहेर सोप्यात आले. तेवढ्यात शेजारच्या बाई ताक घेऊन आल्या आणि आजारातून इतक्या लवकर उठल्याबद्दल मला रागे भरल्या. दाजी टांगेवाल्याला पाठवून आत आले, दारातूनच "तू कशाला उठलीस?" म्हणाले, आणि मग लक्षात येऊन असे ओशाळले की पुन्हा बाहेर निघून गेले. आमचं सोंग इतकं बेमालूम वठलं होतं.

पोर वाकळेवर उताणी पडली होती. मला लांबून बघताच तिनं दोन्ही पाय झाडले आणि हसली. आत्यांनी माझ्याकडं समाधानानं पाहिलं. मी वाकून तिला उचललं, बहीण मारते तशी हाक मारली, आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

ते हसू एकदम गेलं नाही. हळूहळू विरत गेलं. तिनं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, माझ्या हनुवटीवर हात ठेवला आणि अंग मागं रेलून पुन्हा पाहिलं. मग तिनं मान वळवली, आणि बहीण निजली होती त्या खोलीच्या बंद दाराकडं बघत राहिली. तिथून परत माझ्याकडं. आणि मग जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकू येतो.

एकोणीस वर्षं आम्ही बापाला, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना फसवत आलो होतो. काही वेळा मुद्दाम, बहुतेक वेळा नकळत. आत्ता पाच मिनिटांपूर्वी बहिणीचा नवरा फसला होता. आणि ज्या जिवाला अजून नीट बसता येत नव्हतं त्यानं मला क्षणात ओळखून बाजूला सारलं होतं. इतकंच नाही, खरी कुठं आहे तेही तिला माहीत होतं.

दाजींनी मंगळसूत्राचं कारण काढलं. पोर दूध पिताना ते हातात धरायची, ते नाही म्हणून बिचकली. दोन दिवस ती तशीच अर्धपोटी राहिली. तिसऱ्या दिवशी आत्यांनी मनाचा हिय्या करून नुसत्या काळ्या मण्यांची पोत माझ्या गळ्यात घातली. पोरीनं ती पोत मुठीत धरली, माझ्याकडं पाहिलं आणि सोडून दिली. त्यानंतर तर ती माझ्याकडं बघेचना. तिचा आवाज बसला होता. डोळे खोल गेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं बोंडल्याला असा हात मारला की सगळं दूध माझ्या अंगावर सांडलं. मी लुगडं सोडलं, आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून साताऱ्याहून आणलेलं माझं निळ्या काठाचं पाचवारी पातळ नेसले. अंबाडा सुटला होता, त्याची वेणी घातली. जमिनीवरचं बोंडलं उचलायला सोप्यात आले तेव्हा मी सोंगाचा नादच सोडला होता.

पोर रडायची थांबली. नवीन पाहुणं घरात आल्यावर बघावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या रोजच्या बोलण्यात म्हटलं, "मी तुझी आई नाही. मावशी आहे. तुझी आई आजारी आहे." तिला शब्द कळले असं मी म्हणणार नाही. पण बोंडल्यात पुन्हा दूध घेऊन मी थोडं तिच्या ओठांना लावलं, आणि तिनं तोंड उघडलं. अर्धं बोंडलं तिनं माझ्याकडं बघत बघत संपवलं.

आत्या दारात उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या.

"म्हंजे आपून फसवतुया ते कळत हुतं हिला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून इरकली लुगडं घडी करून ठेवलं गेलं, आणि मी त्या पोरीकडं नीट बघू लागले. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की मूल म्हणजे कोरी पाटी. आकडे पाचव्या वर्षानंतर, तेही चिंचोके मांडून. मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

एक दिवस सकाळी मी तांदूळ निवडत होते. पोरीला उशी लावून समोर बसवलं होतं. तिच्यापुढं दोन पितळी वाट्या होत्या. तिला रमवायला मी सूप मध्ये आडोशासारखं उभं केलं आणि तिच्या देखत एक वाटी त्याच्या मागं ठेवली, मग दुसरी ठेवली. तेवढ्यात आत्यांना तेलाला वाटी हवी होती. त्यांनी माझ्या बाजूनं येऊन त्यातली एक उचलून नेली. पोरीला ते दिसलं नाही. मी सूप बाजूला केलं.

तिनं वाटीला हात लावला नाही. ती एकुलत्या वाटीकडं बघत राहिली. डोळे मोठे झाले, श्वास थबकल्यासारखा झाला. मग तिनं वाटीच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कुशीवर इतकी वाकली की मला तिला सावरावं लागलं. सूप जिथं गेलं होतं तिकडं ती बघत होती.

मला वाटलं, सहज झालं असेल. दुसरी वाटी आणून मी तेच पुन्हा केलं. सुपामागं दोन ठेवल्या, दोन निघाल्या. तिनं एक उचलून तोंडात घातली, झालं. मग पुन्हा एक हळूच काढून घेतली. पुन्हा तेच बघणं, तेच ताटकळणं. दोन असायला हव्या होत्या हे या पोरीला माहीत होतं.

संध्याकाळी दाजींना सांगितलं तर ते हसले. मग स्वतः सूप घेऊन बसले. ते ड्रॉइंगवाले, कुणी कुठं बघतंय हे त्यांना नेमकं दिसायचं. त्यांनी उलटं केलं. सुपामागं एकच वाटी ठेवली आणि पोरीला दिसणार नाही अशी दुसरी सरकवली. सूप उचललं तर दोन. पोर वाट्यांकडं तशीच बघत राहिली, आणि दाजी पोरीकडं. त्यांचं हसू केव्हाच गेलं होतं. नंतर त्यांनी मला विचारलं की याबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय. मी सांगितलं, काही नाही.

बहिणीचा ताप तिसऱ्या आठवड्यात शिरला. ती भ्रमात बोलायची, मग दिवस दिवस निपचित पडायची. डॉक्टर म्हणाले होते, हे दिवस वाईट.

त्यातली एक दुपार. दाजी शाळेत, आत्या नदीवर धुणं घेऊन गेलेल्या. बहिणीला झोप लागली म्हणून मी खोलीचं दार लोटून सोप्यात पोरीपाशी बसले होते. रस्त्यावर कल्हईवाला ओरडत होता, टांगे जात येत होते. पोर खुळखुळा आपटत होती. एकाएकी तिनं हात थांबवला आणि मान वळवून खोलीच्या दाराकडं पाहिलं.

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी कान दिला, तरी काही नाही. मी खुळखुळा वाजवला, तिच्या तोंडासमोर टाळी वाजवली. ती वळेना. रडत नव्हती, हलत नव्हती, पापणीसुद्धा लवत नव्हती. दाराकडं नुसती बघत होती. शेवटी तिची समजूत पटावी म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी उठले आणि दार ढकललं.

बहीण खाटेवरून अर्धी खाली लोंबत होती. डोकं जमिनीला लागलं होतं, हात पाण्याच्या तांब्याकडं. अंग थंड आणि घामानं भिजलेलं. लुगड्यावर रक्त होतं.

मी शेजारच्या बाईंना हाक मारली. त्यांचा नवरा धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. आतड्यातून रक्त गेलं होतं. डॉक्टरांनी तिला जराही हलवू दिलं नाही, बर्फ मागवला, सुई टोचली आणि दिवेलागणीपर्यंत खाटेजवळून उठले नाहीत. नाडी लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं की नेमकं कधी लक्षात आलं, कशावरून आलं. मी म्हटलं, मुलीनं सांगितलं. त्यांनी मला पाणी प्यायला लावलं आणि थोडं पडायला सांगितलं. माझा तोल गेलाय असं त्यांना वाटलं असावं.

पुढं बहिणीला बोलता येऊ लागलं तेव्हा तिनं सांगितलं की तिनं मला तीन वेळा हाक मारली होती. आवाज फुटत नव्हता, पण मारली होती. आमचा आवाज एक होता. माझ्याच आवाजातली हाक मला ऐकू आली नाही, आणि बंद दाराआडून ती त्या पोरीला ऐकू आली.

ताप उतरायला आणखी महिना लागला. डॉक्टरांनी पोरीला जवळ घ्यायची परवानगी दिली तेव्हा बहिणीची रया गेली होती. केस गळून विरळ झाले म्हणून आत्यांनी ते कापून टाकले होते. गाल बसले होते, रंग काळवंडला होता. आता आम्हाला कुणीही वेगवेगळं ओळखलं असतं. ती आरशात बघायला तयार नव्हती, आणि पोरीसमोर यायला त्याहून नव्हती. पोर घाबरेल, असं ती म्हणायची. दोन दिवस तिनं काही ना काही निमित्त काढून टाळलं.

तिसऱ्या दिवशी ती सोप्यात आली. पोर माझ्या कडेवर होती. अनोळखी बाई दिसली की ही पोर टक लावून बघायची, बघतच राहायची. आम्हाला तीच भीती होती. पण तिनं आईकडं एकदाच पाहिलं. मग माझ्याकडं, परत आईकडं. आणि मान फिरवून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. बहिणीनं हात पुढं केले तसं तिनं मला आणखी घट्ट धरलं.

"मला विसरली ती," बहीण म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तीन दिवस असं चाललं. मी मात्र बघत होते. बहीण दुसरीकडं बघत असली की पोर तिच्याकडं बघायची. बहीण वळली की ही तोंड फिरवायची. घरात आलेल्या इतर कुणाशीही ती असं वागत नव्हती. आत्यांच्याही ते ध्यानात आलं.

"इसरली न्हाई ती," त्या म्हणाल्या. "राग धरलाय तिनं."

मुलगी आपल्याला विसरली हे बहिणीनं कसंबसं सोसलं होतं. पण आठ महिन्यांच्या पोरीला सगळं आठवतंय, आई आत होती आणि आली नाही हे तिनं मनात ठेवलंय, हे तिला सोसेना. तिनं मला विचारलं, "इतके दिवस तिनं माझी वाट बघितली असेल का गं?" उत्तर मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी बहीण परसात उन्हाला बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिची आमच्याकडं पाठ होती. पोर नुकतीच पोटावर सरकायला शिकली होती. मी तिला वाकळेवर सोडलं होतं, ती वाकळ सोडून निघाली. मातीतून, थांबत थांबत, मध्येच मान वर करून अंदाज घेत ती आईच्या पाठीशी पोचली. तिनं लुगडं मुठीत धरलं आणि आपलं कपाळ आईच्या कमरेला टेकवलं.

बहीण वळली नाही. वळली तर पोर पुन्हा तोंड फिरवेल अशी तिला धास्ती होती. शेंगा तिच्या ओच्यात तशाच राहिल्या. किती तरी वेळ दोघी तशाच बसल्या होत्या. मग पोरच बाजूनं सरकत पुढं आली आणि तिनं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

माझं ट्रेनिंग बुडत होतं. आणखी दोन आठवड्यांनी आप्पांचं पत्र आलं आणि मी निघाले. दाजींचं म्हणणं होतं की पोर झोपली असताना जावं, म्हणजे रडारड होणार नाही. मी ऐकलं नाही. तिला मांडीवर घेतलं, मी साताऱ्याला चालले आहे, आई आता बरी आहे, ती इथंच राहील, असं सगळं तिला सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघत ऐकून घेतलं. टांगा वळेपर्यंत ती आईच्या कडेवरून बघत होती.

आठ दिवसांनी बहिणीचं पत्र आलं. तब्येत सुधारते आहे, केस बोटभर आलेत वगैरे लिहून खाली तिनं लिहिलं होतं की ती स्वतः खोलीत गेली की पोर आधी तिच्याकडं बघून हसते, आणि मग तिच्या मागं दाराकडं बघत राहते, आणखी कुणी यायचं आहे का म्हणून.

ती पोर आता नातवंडांची आजी आहे. तिची सगळ्यात जुनी आठवण म्हणजे चार वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली ती. त्या हिवाळ्यातलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. वाट्या नाहीत, बंद दार नाही, मीही नाही. मी सांगितलं तर ती म्हणते, मावशी, तू वाढवून सांगतेस. आत्या गेल्या, दाजी गेले, बहिणीलाही जाऊन बरीच वर्षं झाली. त्या घरात काय घडलं ते पाहिलेल्या आम्ही दोघीच आता उरलो आहोत. त्या वेळी माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं, आणि आज सांगायची पाळी मात्र माझ्या एकटीवर आली आहे.